बसव्वाच्या म्हशी वाळल्या

बसव्वा गवळणीचा आवाज आधी यायचा आणि बसव्वा मागनं. गंगावेशीच्या मागच्या बोळात ज्याला तिचं घर सापडत नसेल त्यानं कोपऱ्यावर नुसतं उभं राहावं. थोड्या वेळात ऐकू यायचंच, वैरण ओली कुणी टाकली, शेण अजून का उचललं न्हाय, पाण्याच्या बादलीला लाथ कुणी घातली. यातलं निम्मं म्हशींना असायचं आणि निम्मं सुनेला. कुठलं कुणाला, ते ज्याचं त्याला बरोबर कळायचं.

माहेर तिचं कुरुंदवाडचं. लहानपणी देवी आल्या आणि जाताना डावा डोळा घेऊन गेल्या. उरलेल्या उजव्या डोळ्यावर तिनं सगळा संसार केला. लग्न होऊन कोल्हापुरात आली, नवरा लवकर गेला तरी गोठा मोडला नाही, मुलाला, मल्लूला, वाढवलं, सायकलवरून रतीब घालायला शिकवलं आणि पुढं त्याच्या बुडाखाली मोटारसायकलही आणून दिली. पन्नाशी उलटल्यावर त्या एकुलत्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला. तिची थोरली बहीण आक्का जयसिंगपूरला दिलेली. तिकडं डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा आक्कानं तिला हाताला धरून नेलं आणि मोती काढून आणला. नव्वद सालच्या आगंमागंची ही गोष्ट. तेव्हा शिबिरात मोती काढला की डोळ्याच्या आत दुसरं काही बसवत नसत. आतलं भिंग काढायचं आणि त्याच्या बदली नाकावर जाड भिंगाचा चष्मा ठेवायचा, मामला खलास.

त्या चष्म्यानं बसव्वाला दिसायला लागलं, यात वादच नाही. पण असल्या भिंगातून दिसतं ते असतं त्याच्यापेक्षा पाव हिश्शानं मोठं. हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकून घेतलं असतं असं नाही. मोतीबिंदूच्या धुक्यात दोन-तीन वर्षं काढलेल्या बाईला मूळ माप कुठं आठवणार? तिला वाटलं, जग असंच असतंय. भाकरी परातीएवढी, गल्लीतली पोरं दांडगी, आणि म्हशी तर काय विचारता. आपल्या दावणीला असल्या हत्तिणी बांधलेल्या बघून तिची छाती भरून यायची. शेजारीण झुंबरबाईची म्हस चांगली दुधाळ होती, पण बसव्वाच्या बोलण्यात तिला शेळीपेक्षा जास्त मान नव्हता. तीही भिंगातून मोठीच दिसत होती म्हणा, पण आपली ती आपली.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा थाट असतो. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोरपिसं, आणि मालकानं मोटारसायकल काढली की म्हस त्याच्या मागं धूम पळाली पाहिजे. बसव्वाची सरदारीण नावाची म्हस मल्लूच्या गाडीमागं पळायची बरी, पण अंगापिंडानं ती चारचौघींसारखीच. नंबर काही लागायचा नाही. आणि दर वर्षी बसव्वा परीक्षकांना भर रस्त्यात गाठून विचारायची की तुमचं डोळं कुठं गहाण पडल्यात. परीक्षक बिचारे तिच्या चष्म्याकडं बघायचे आणि गप बसायचे.

गप बसायचं आणखी एक कारण होतं. त्या भिंगामागं बसव्वाचा तो एक डोळा एवढा थोरला दिसायचा की समोरच्यानं पाऊल मागं घ्यावं. ती नुसती किती वाजले विचारायची, आणि माणसाला वाटायचं आता खाते की काय. सून महानंदा निपाणीकडची, अंगानं बारकी आणि स्वभावानं गरीब. लग्न होऊन आली ती थेट या डोळ्याच्या पुढ्यात. पहिल्या दिवशी तिनं जी मान खाली घातली ती सात-आठ वर्षं वर केलीच नाही. सासू म्हणेल ते करायची, पण सासूच्या पायाकडं बघून.

आता त्या चष्म्याचा वैताग नव्हता असं नाही. बाजूनं येणारं माणूस त्यात दिसायचंच नाही आणि मग जमिनीतून उगवल्यागत एकदम समोर उभं राहायचं. म्हशीनं शेपटी फिरवली की चष्मा शेणात. एकदा तर तो खाली पडला आणि सरदारिणीनं त्याच्यावर निवांत पाय दिला. नवा तयार होईपर्यंत आठवडाभर बसव्वा उंबऱ्यात बसून होती. दिवसाउजेडी माणसं ओळखू येईनात, नुसते रंग हलायचे. त्या आठवड्यात बोळात आवाज नव्हता. झुंबरबाई दोनदा विचारून गेली, बसव्वा बरी हाय न्हवं? बरी कुठली. आपण ठार आंधळ्या झालो तर काय, हे तिनं त्या उंबऱ्यात बसून पुरतं बघून घेतलं होतं, आणि तिला ते अजिबात आवडलं नव्हतं.

राजारामपुरीत डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, मल्लूच्या रतिबाच्या. त्यांनी बोलता बोलता मल्लूला सांगितलं की आता मोती काढून वर्षं लोटली तरी डोळ्याच्या आत भिंग बसवता येतं. नव्व्याण्णव सालचं हे. मल्लूनं घरी येऊन सांगितलं आणि बसव्वा दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर हजर. बाईंनी डोळा तपासला, पुन्हा तपासला आणि सांगितलं की बसवता येईल, पण मी घाई करणार नाही. दुसरा डोळा असता तर गोष्ट वेगळी. हा एकच आहे, काही बिघडलं तर मागं पर्याय नाही, घरी जाऊन विचार करा. बसव्वा म्हणाली, विचार म्हशीनं चष्म्यावर पाय दिला तवाच करून झालाय.

ऑपरेशन झालं झकास. इंजेक्शन देऊन डोळा बधिर केलेला, तोंड मात्र बधिर करायचं औषध निघालेलं नव्हतं. पडल्या पडल्या तिनं नर्सबाईला दुधात पाणी कसं ओळखायचं ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि बसव्वाला भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा देव दिसला, चष्म्याशिवाय, लख्ख. तिनं जागेवरूनच हात जोडले आणि तिला रडू आलं. डॉक्टरीणबाईंनी तिला दटावलं आणि पथ्य सांगितलं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, थेंब चुकवायचे नाहीत, धूर-धुरळा-शेण यांच्यापासून महिना-दीड महिना लांब. आणि सगळं आधीपेक्षा थोडं लहान दिसेल, घाबरायचं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण तोवर बसव्वा आयाबाईला कॅलेंडर सरळ टांगायला सांगत होती.

गोठ्यापासून लांब म्हणजे घरापासूनच लांब. म्हणून मल्लूनं तिला जयसिंगपूरला आक्काकडं पोचवली. तिथं बसव्वाला पहिला धक्का बसला. आक्का निम्मी झाली होती. वय झालं बिचारीचं, बसव्वा मनाशी म्हणाली. मग ताटात भाकरी आली, ती तळहाताएवढी. आक्का पहिल्यापासून हाताची जरा आखडती, पण बहिणीच्या ताटात सुद्धा? बसव्वानं पाहुणी म्हणून तीन दिवस कळ काढली आणि चौथ्या दिवशी विचारलंच, आक्का, पिठाची टंचाई हाय का गं तुमच्याकडं. आक्का दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. अशी ती तीन आठवडे राहिली आणि मग मला करमत न्हाय म्हणून एसटीत बसून परत आली, दीड महिना पुरा न करता.

घरात पाऊल टाकलं तर दरवाजा बुटका वाटला. महानंदा तांब्या घेऊन पुढं आली, तीही चिमणीएवढी. बसव्वा पाणी न पिताच गोठ्यात गेली आणि जागच्या जागी थिजली. हत्तिणी कुठं गेल्या? दावणीला बांधलेल्या त्या कुठल्या रोडक्या? सरदारिणीच्या कपाळावरचा पांढरा टिकला तोच, उजवं शिंग खाली वळलेलं तेच, म्हणजे म्हस तीच. मग तिचं अंग कुठं गेलं?

त्या दिवशी बोळाला पुन्हा आवाज आला, तीन आठवड्यांचा साठलेला. पेंड कुठं गेली, सरकी कुणाच्या घशात घातली, माझ्या म्हशी उपाशी मारल्या, माहेरी किती पोती धाडली. मल्लूनं सांगून बघितलं की आव्वा, म्हशी हायती तशाच हायती. तर तो बायकोचा बैल ठरला. त्यात सरदारिणीनं बसव्वाच्या मागं पान्हा चोरला होता, जेमतेम निम्मं दूध देत होती, हे कळल्यावर तर पुराव्याला काही उरलंच नाही. झुंबरबाई भिंतीवरून बघत होती. तिनं म्हशी बघितल्या, महानंदा बघितली आणि आपलं तोंड मिटून घेतलं, बसव्वा स्वतःच आपल्या म्हशींना रोडक्या म्हणतेय, हे इतक्या वर्षांनी ऐकायला मिळतंय ते मधे बोलून कशाला बिघडवायचं. महानंदा चुलीपुढं बसून मुकाट रडली. चोरीचा आळ तिच्या माहेरावर गेला होता, ते तिला लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसव्वानं धारेची चरवी उचलली. आता हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढं दवाखान्यात तिनं शपथेवर हेच सांगितलं आणि ते खरं होतं. तिनं पथ्य मोडलं नाही. ती वाकली नाही, ताठ पाटावर बसली. जड काही उचललं नाही, भरलेली चरवी मल्लूकडून उचलून घेतली. डोळ्याला पाण्याचा थेंब लागू दिला नाही, नाकातोंडावर पदर बांधला. फक्त जन्मभर जशी धार काढली तशी काढली. म्हशीच्या मागच्या मांडीपुढं कुशीचा एक खळगा असतो. गवळ्याचं डोकं तिथं टेकलेलं असतं. म्हस पाय उचलणार असेल तर आधी तिथं कळतं, आणि म्हशीलाही कळतं की आपलं माणूस आलं. बसव्वाची उजवी भुवई आणि उजवा गाल त्या खळग्यात इतकी वर्षं टेकत आले होते की सरदारिणीच्या लेखी धार सुरू व्हायची ती आचळापासून नव्हे, तिथून. डोकं टेकलं, सरदारीण सैल झाली आणि चरवी फेसानं भरली. बसव्वानं ती सुनेच्या पुढ्यात नेऊन ठेववली. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं महानंदाला वाटलं.

हे आठ-दहा दिवस चाललं. सकाळ-संध्याकाळ धार, पेंडीचा मारा. म्हशी फुगेनात, पण दूध येत होतं. डोळा लाल व्हायला लागला तो बसव्वानं धुरळ्यावर ढकलला. मग ठणकायला लागला. दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. एकीच्या दोन म्हशी दिसायला लागल्या तेव्हा ती आतून चरकली, पण कुणाला सांगायचं? सांगितलं तर धार बंद. धार बंद तर पुन्हा उंबऱ्यात. मग एका संध्याकाळी सरदारिणीला गोमाशी चावली, तिनं कूस झटकली आणि तो झटका बसव्वाच्या भुवईखाली बसला.

बसव्वा उठून आत आली, भिंतीला धरून बसली आणि तिला उलटी झाली. डोकं फुटायची वेळ. झुंबरबाईनं येऊन पित्त म्हणून निदान केलं आणि आलं-लिंबू सांगितलं. मल्लू संध्याकाळच्या रतिबाला गेलेला. महानंदा लिंबू घेऊन पुढं बसली आणि तिनं सासूच्या तोंडाकडं बघितलं. चष्मा गेल्यापासून तिला ते बघता यायला लागलं होतं, चोरून चोरून, कारण तो भला मोठा डोळा आता नव्हता. त्याच्या जागी एक साधा, बारका, म्हातारा डोळा होता. रोज बघितल्यामुळंच तिला फरक कळला. बुबुळ धुरकट होतं, मधला काळा ठिपका गोल असायचा तो एका बाजूला ओढल्यासारखा झाला होता आणि खाली रक्ताची रेघ साचली होती.

महानंदानं लिंबू खाली ठेवलं, रिक्षा बोलावली आणि सासूच्या दंडाला धरलं. बसव्वानं नेहमीचा आवाज लावला. आयुष्यात पहिल्यांदा महानंदानं त्या आवाजाच्या वर आवाज काढला.

"आत्ती, गप बसायचं. डोळा जातोय तुमचा. मला काय शिव्या द्यायच्या त्या रिक्षात द्या."

बसव्वा रिक्षात बसली आणि राजारामपुरीपर्यंत एक शब्द बोलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी डोळा यंत्रातून बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. आतलं भिंग जागचं सरकलं होतं, त्याची कड आतल्या पडद्याला घासत होती, रक्त उतरलं होतं आणि डोळ्याचा दाब नको तितका चढला होता. आधी दाब उतरवायचा आणि मग पुढचं, त्यांनी सांगितलं. थेंब घातले, गोळ्या दिल्या, सलाईन लावलं. आणि विचारलं, काय केलंत? बसव्वानं एकेक पथ्य म्हणून दाखवलं, वाकले न्हाय, उचललं न्हाय, भिजवलं न्हाय. बाई बुचकळ्यात पडल्या, मग हे झालं कसं? तेव्हा महानंदा कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाजवळ गेली, उकिडवी बसली, भुवई कपाटाला टेकली आणि दोन्ही हातांनी हवेत धार काढून दाखवली. खोलीतली नर्स फिस्सकन हसली. डॉक्टरीणबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. लोक काय काय करतात त्याची त्यांची यादी मोठी होती, त्यात म्हशीची कूस नव्हती.

"पण एवढ्या लवकर धार काढायला बसलात कशाला?" त्यांनी विचारलं.

मग म्हशी वाळल्याची हकिकत निघाली. भाकरी, आक्का, बुटका दरवाजा, सगळं. बाई ऐकत गेल्या. बसव्वाचा जुना चष्मा पिशवीत होता, तो महानंदानं निघताना घेतला होता. बाईंनी तो घेतला, महानंदाला टेबलावर हात ठेवायला सांगितला आणि त्या हातावर चष्मा धरून तिला आणि नुकत्याच आलेल्या मल्लूला दाखवला. भिंगाखाली तिचा बारका हात चांगला थोराड दिसत होता. बसव्वाला त्या वेळी काही दिसत नव्हतं. म्हणून मल्लूनंच तिला सांगितलं, की आव्वा, चष्म्यातनं मोठं दिसत हुतं. म्हशी पहिल्यापासनं एवढ्याच हायती.

बसव्वानं हे ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, म्हणजे पाडव्याचं परीक्षक? मल्लू म्हणाला, व्हय. तेही बरोबरच हुतं.

दोन दिवसांनी दाब थोडा उतरल्यावर बाईंनी पुढचं सांगितलं. ते भिंग आत ठेवून चालणार नाही, रोज घासत राहील आणि डोळा संपवेल. काढायलाच हवं. काढताना धोका आहेच, एकदा दुखावलेला डोळा आहे. दुसरं भिंग टाके घालून बसवायचं म्हटलं तर धोका आणखी वाढतो. मल्लूला नवं भिंग हवं होतं, आईला पुन्हा चष्मा नको म्हणून. बसव्वानं त्याला थांबवलं. तिनं बाईंना एवढंच विचारलं की डोळा राहायची आशा कशात जास्त. भिंग नुसतं काढण्यात, बाई म्हणाल्या. मग काढा, बसव्वा म्हणाली. दिसू दे मोठं. मला ठाऊक हाय आता.

तिला आत न्यायच्या आधी महानंदा तिच्याजवळ बसली होती. गोळ्यांनी बसव्वाच्या हातापायांना मुंग्या आल्या होत्या आणि महानंदा तिची बोटं चोळत होती. बसव्वा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मला भ्या वाटतंय गं. तुझ्या माहेरावर पोत्याचा आळ घातला मी. आंधळी झाले तर तुझ्याच हातात हाय मी."

महानंदा चोळायची थांबली नाही. तीही मग बोलून गेली, "आत्ती, मला वाटायचं तुम्ही सारखं डोळं वटारून बघताय माझ्याकडं. एवढी वर्षं वाटत हुतं. ते भिंगच हुतं."

बसव्वाला हसू आलं. हसू नका, दाब वाढेल, असं नर्स दारातून ओरडली, आणि मग दोघींनाही आवरेना.

भिंग निघालं. डोळा राहिला. पुरा राहिला असं नाही, दाबानं एका कडेचं दिसणं खाल्लं ते खाल्लंच, आणि थेंब जन्माला चिकटले. दोन हजार साल उजाडल्यावर नवा चष्मा तयार झाला. आणि डॉक्टरीणबाईंनी या वेळी बसव्वाचं तोंड आपल्याकडं वळवून, शब्द न शब्द तिच्याकडून म्हणवून घेऊन सांगितलं की म्हशीच्या अंगाला डोकं लावायचं नाही, महिनाभर नाही, दीड महिना नाही, कधीच नाही. हा डोळा आणखी एक धक्का सोसणार नाही. बसव्वानं पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. पण धार काढायची नाही, तर मग सकाळी उठायचं कशाला, हे तिला कळत नव्हतं, आणि ते बाईंना विचारण्यासारखं नव्हतं.

घरात सरदारिणीनं पान्हा चोरायला पुन्हा सुरुवात केली होती. मल्लूनं भिजवलेल्या पेंडीचं आंबोण पुढं ठेवलं, रेडकू लावलं, हातापाया पडला, सरदारीण ढिम्म. आत पट्टी बांधून पडलेल्या बसव्वाला सगळं ऐकू यायचं आणि तिचा जीव कासावीस व्हायचा. मग एके सकाळी मल्लूच्या शिव्या ऐकू आल्याच नाहीत. चरवीत धारेचा आवाज आला. आधी नुसत्या भांड्यावर टणटण, मग दुधात दुधाचा घुसमटलेला. बसव्वा कान देऊन पडून राहिली. आपल्याशिवाय हे कुणाला जमलं, ते तिनं विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

चष्मा आल्यावर पहिल्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी गोठ्यात गेली आणि तिला दिसलं की सरदारिणीच्या खाली बसव्वाच बसलीय. तिचंच हिरवं लुगडं, रोज गोठ्यात नेसायचं, शेणाच्या आणि दुधाच्या वासाचं. कासोटा तसाच, डोईवर पदर तसाच. आणि गाल, भुवई, सगळं त्याच खळग्यात गच्च दाबलेलं, कारण सरदारिणीला त्याशिवाय चालत नाही.

महानंदाला चाहूल लागली. ती गडबडीनं उठायला लागली. "आत्ती, लुगडं न विचारता घेतलं. म्हस ऐकंना. तुम्ही आलाय तर बसा, मी उठते."

बसव्वाचे हात पुढं झाले होते. बोटं आपली आपण मिटत उघडत होती. सरदारिणीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि बारीक रेकली. एक पाऊल, पाट ओढायचा आणि बसायचं, इतकंच होतं. ती सुनेजवळ गेली. तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुन्हा खाली बसवली. मग तिची हनुवटी दोन बोटांनी धरून तोंड जरा वर फिरवलं, असं की नुसतं कपाळ म्हशीला टेकेल आणि डोळा मोकळा राहील.

"डोळा वर धर गं," बसव्वा म्हणाली. "दोन हायती म्हणून मिजाशीत ऱ्हाऊ नको. एकच हाय असं समज."

महानंदानं कपाळ टेकलं आणि धार पुन्हा सुरू झाली.